उजव्या खांद्याचे उपाय

विजयमालाबाईंचा उजवा हात वर जात नाही, हे पहिल्यांदा धाकट्या जावेनं पाहिलं. दोघी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होत्या. विजयमाला डाव्या हातानं एकेक चादर ओढत होती आणि उजवा हात पोटाशी धरून उभी होती.

"अक्का, उजव्याला काय झालंय?"

"काही नाही. अवघडलाय."

अवघडून खरं तर कितीतरी महिने झाले होते. सुरुवातीला वेणी घालताना कळ यायची. मग फडताळातला वरचा डबा काढता येईना. मग त्या कुशीवर झोपता येईना. चुकून त्या कुशीवर वळलं की जाग यायची आणि खांद्यात कुणीतरी सळई फिरवल्यासारखं व्हायचं. पण घरात दुखण्याची जागा आधीच भरलेली होती. तिथे तिचे यजमान जयसिंगराव होते.

जयसिंगरावांची मार्केट यार्डात कांदा-बटाट्याची आडत होती. उंच, रुंद, भारी देहाचा माणूस. लिलावाला उभे राहिले की गाळ्याच्या त्या टोकापर्यंत आवाज जायचा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चहाचा कप हातातून निसटला आणि उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. आता शब्द एकेक करून यायचे, मध्ये बरीच जागा ठेवून. हडपसरच्या गावठाणात त्यांच्याच जागेवर भावकीची इमारत उभी राहिली होती. दुसऱ्या मजल्यावर हे दोघं, खाली धाकटा भाऊ, भावजय आणि पुतण्या दिग्विजय. मुलगा पृथ्वीराज आणि सून अपेक्षा बंगळुरूला.

आजारपणाच्या सुरुवातीला एक मदतनीस ठेवला होता. पोरगा वाईट नव्हता, पण जयसिंगरावांशी तो लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचा. "चला बाळ, शी करायची का?" असं एकदा म्हणाला, तेव्हा जयसिंगरावांनी धड असलेल्या डाव्या हातानं स्टीलचा पेला भिरकावला. "ह्याला... घालव." विजयमालानं त्याला दुसऱ्याच दिवशी नको म्हणून सांगितलं. तिलाही ते बरंच वाटलं होतं. तो पोरगा पाठ नीट पुसायचा नाही, ओलं अंग तसंच ठेवून सदरा चढवायचा. तेव्हापासून पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, तिथून न्हाणीत आणि परत पलंगावर, सगळं तीच करायची. त्यांचा डावा हात स्वतःच्या मानेवर घ्यायचा, आपला उजवा हात त्यांच्या काखेतून पाठीमागे न्यायचा, गुडघे वाकवायचे आणि उचलायचं.

जावेनं फारच लावून धरलं म्हणून ती हडपसरमधल्याच हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी हात वर करायला लावला, मागे न्यायला लावला, दंडावर दाब देऊन "आता उचला" म्हणाले. ती हं हं करत राहिली. एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून समजावून सांगितलं. स्नायूला हाडाशी बांधणारी जी दोरी असते, ती एका बाजूनं थोडी फाटली आहे, पूर्ण तुटलेली नाही, आजूबाजूला सूज आहे.

"ऑपरेशनची घाई नाही," ते म्हणाले. "केलं तर दीड महिना हात झोळीत ठेवावा लागेल आणि पुढे बरेच महिने जड काही उचलायचं नाही."

"मग ऑपरेशन नकोच," विजयमाला लगेच म्हणाली.

"मीही तेच म्हणतोय. आधी बाकीचं करून पाहू."

"कशामुळे झालं हे?"

"वय. आणि तुम्हाला शुगर आहे. या वयात होतं."

दिवसभर हाताला काय काम असतं, हे त्यांनी विचारलं नाही. बाहेर बाकावर पुढचे पेशंट बसले होते. तिनंही सांगितलं नाही.

डॉक्टरांनी समोर तीन गोष्टी ठेवल्या. गोळ्या, पण त्या पोटाला आणि किडनीला त्रास देतात, म्हणून थोडेच दिवस. खांद्यात इंजेक्शन, त्यानं लवकर आराम पडतो, पण टिकेलच असं नाही आणि शुगर चढते. तिसरा व्यायाम. फिजिओथेरपिस्टकडून शिकायचा, रोज करायचा, काही महिने करायचा. "गुण सावकाश येतो, पण आलेला जरा टिकतो," ते म्हणाले. "माझ्या मतानं यापासूनच सुरुवात करा."

विजयमालाला हात उद्याच्या उद्या हवा होता. तिनं इंजेक्शन घेतलं.

चार-पाच दिवसांत खांदा असा मोकळा झाला की तिला त्याचा संशयच आला. ती सारखी हात वर करून बघायची. स्वतःची वेणी स्वतः घातली. जयसिंगरावांची दाढी केली, गादी उलटी करून उन्हात टाकली, कोपऱ्यात साठलेलं सगळं काम उपसून काढलं. त्यांना उचलताना आता दात आवळावे लागत नव्हते. साखर मात्र चढली. ग्लुकोमीटरवरचा आकडा ऐकून पृथ्वीराज फोनवर ओरडला, तेव्हा "उतरेल" एवढंच ती म्हणाली. साखर काही दिवसांनी उतरलीही. त्यानंतर महिनाभरातच एका सकाळी खुर्चीतून त्यांना उठवताना खांद्यात परत तीच कळ आली, आणि या वेळी ती पार कोपरापर्यंत उतरली.

"दुसरं इंजेक्शन लगेच देणार नाही," डॉक्टर म्हणाले. "सारखं देत राहिलं तर ती दोरी आणखी विरते. दुखत नाही म्हणून तुम्ही हात भरपूर वापरला असेल."

"वापरायचा नाही तर काय करायचा?"

डॉक्टरांना ते बोलणं विनोदी वाटलं असावं. ते हसले आणि त्यांनी फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली. ती पर्समध्ये राहिली.

मग जावेच्या ओळखीतल्या वैद्यांकडे तेल आणि शेक सुरू झाला. लाकडी टेबलावर उपडं झोपायचं. एक बाई हात गरम करून कोमट तेल लावायची, मानेपासून मनगटापर्यंत सावकाश चोळायची आणि मग निर्गुडीच्या पाल्याच्या पुरचुंडीनं शेकायची. पहिल्याच दिवशी विजयमालाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या बाईनं हात थांबवला.

"दुखतंय का ताई?"

"नाही. करा तुम्ही."

दुखत नव्हतंच. उलट इतक्या दिवसांत कुणीतरी तिच्या अंगाला तिच्यासाठी हात लावत होतं. बाकी जो हात लागायचा तो आधार धरायला. त्या खोलीतून बाहेर पडताना खांदा लोण्यासारखा मऊ वाटायचा. घरी येऊन जयसिंगरावांना पलंगावर घेतलं की तासाभरात परत जिथल्या तिथे. हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, तरी वैद्यांनी सांगितलेले सगळे दिवस ती जात राहिली.

पृथ्वीराज तिकडून रोज काहीतरी पाठवायचा. एकदा त्यानं फोनच केला.

"आई, पीआरपी कर. आपल्याच रक्तातून काढतात, मशीनमध्ये फिरवतात आणि खांद्यात सोडतात. नॅचरल हीलिंग आहे. माझ्या टीममधल्या एकाच्या आईला मस्त रिझल्ट आला."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काय? थोडे दिवस रेस्ट."

"हं."

"नाहीतर शॉक वेव्ह पण असते, मशीननं बाहेरून ठोके देतात. आई, तू नीट कम्पेअर तरी कर ना. सगळ्याला नाही म्हणतेस."

तिनं डॉक्टरांना दोन्हींबद्दल विचारलं. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "रक्ताच्या इंजेक्शनचा कुणाला गुण येतो, कुणाला नाही. येईलच असं मी छातीठोक सांगणार नाही. शॉक वेव्ह खांद्यात कॅल्शियम साठलं असेल तर उपयोगी पडते, तुमच्यात ते नाही. चिठ्ठी दिली होती, तिचं काय केलंत?"

ती चिठ्ठी शेवटी अपेक्षामुळे बाहेर निघाली. तिची कॉलेजातली मैत्रीण तनुजा सदाशिव पेठेत फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवत होती. "लांब पडेल तुम्हाला आई, पण ती मन लावून करते," अपेक्षा म्हणाली. विजयमालाला लांब पडतं याचंच बरं वाटलं. जाताना जाऊ वर येऊन जयसिंगरावांजवळ बसायची. ती चहा-पाणी द्यायची, पण तिच्या कमरेत पट्टा होता, तिला उचलायला जमणारं नव्हतं. म्हणून निघायच्या आधी सगळं आटपून त्यांना पलंगावर नीट ठेवायचं, मग स्वारगेटची बस धरायची, पुढे रिक्षा. बसमध्ये वरचा दांडा डाव्या हातानं धरायची सवय लागली होती.

तनुजाचं क्लिनिक एका गल्लीत तळमजल्यावर होतं. वर कसला तरी क्लास, शेजारी पोरांची मेस. तनुजा तिशीतली, केस घट्ट बांधलेली, भराभर बोलणारी. तिनं रबराची पट्टी दाराच्या कडीला अडकवून ओढायला शिकवलं, भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढायला शिकवलं, खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे कशी आणायची ते दाखवलं.

"काकू, याला तीन महिने तरी द्यायचे. मध्येच सोडायचं नाही. थोडं दुखेल, तेवढं चालेल. दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं तर मला सांगायचं."

शेक घ्यायच्या बाकावर एक सत्तरीचे गृहस्थ ठरलेले असायचे. आमोद त्यांचं नाव. भूगोलाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, याच गल्लीत राहणारे. डाव्या खांद्यावर गरम पिशवी ठेवून ते येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवून असत.

"आपला हा कितवा उपाय?" त्यांनी तिला दुसऱ्याच दिवशी विचारलं.

"इंजेक्शन झालं. तेल झालं."

"म्हणजे आपण नवीन आहात. मी सगळं करून बसलोय. इंजेक्शन दोनदा. पहिलं दिवाळीपर्यंत टिकलं, दुसरं घरी पोचेपर्यंत. सुया टोचून घेतल्या, त्यात झोप फार छान लागायची, पण तेवढ्यासाठी सुया कशाला? शॉक वेव्ह घेतली. तिचा आवाज ऐकून माझा दुसराही खांदा दुखायला लागला."

"मग गुण कशाचा?"

"हिच्या रबराचा. थोडा. पण ते तिच्यासमोर म्हणायचं नाही, लगेच जाड रबर देते."

बऱ्याच दिवसांनी विजयमालाला हसू आलं.

महिना होत आला तरी तिचा हात जिथल्या तिथे होता. तनुजा मोजपट्टीसारखं यंत्र लावून हात किती वर जातो ते बघायची आणि कपाळाला आठी घालायची. "घरी करता ना व्यायाम?" "करते." आणि ती करतही होती.

एके दिवशी क्लिनिकमध्ये एक आजी बुटक्या बाकावर बसल्या आणि त्यांना उठता येईना. तनुजा आत होती. विजयमाला उठली, आजींचा हात मानेवर घेतला, काखेतून आपला हात पाठीमागे नेला, गुडघे वाकवले आणि त्यांना अलगद उभं केलं. आजी तोंड भरून आशीर्वाद देत आत गेल्या. विजयमाला भिंतीला टेकून, डोळे मिटून कळ जिरायची वाट बघत उभी राहिली.

"घरी कोण आहे आपल्या?" आमोदांनी विचारलं.

"मिस्टर. का?"

"उचलावं लागतं?"

तिनं डोळे उघडले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नवखा माणूस हाताला धरून ओढतो. आपण काखेत हात घातलात." त्यांनी खांद्यावरची पिशवी सरळ केली. "आमची ही पाच वर्षं अंथरुणाला होती. कंपवात."

"आता?"

"गेली. दोन वर्षं होतील."

तिनं विचारलं, "मग आता खांदा?"

"आहे तसाच. तेव्हा म्हणायचो, हिचं जरा मार्गी लागलं की स्वतःचं बघू. बघेपर्यंत त्यानं आपलं ठरवून टाकलं होतं."

"बाई ठेवायची नाही का एखादी?"

"ठेवल्या की. तीन-चार ठेवल्या. एकीलाही धड जमत नव्हतं. मलाच तेवढं जमत होतं." हे त्यांनी नेहमीच्याच कोरड्या आवाजात सांगितलं, पण तिच्याकडे न बघता. "आपण तनुजाला सांगितलंय हे?"

"तिनं विचारलं नाही."

"डॉक्टरांना?"

"त्यांनीही नाही विचारलं."

"बरोबर आहे. ते विचारत नाहीत, आपण सांगत नाही. चाललंय."

परतीच्या बसमध्ये तिला त्यांचा राग आला. हा कोण मला सांगणारा, असं ती मनात म्हणत राहिली. सांगून काय होणार होतं? तनुजा म्हणाली असती, उचलू नका. मग उचलायचं कुणी? पृथ्वीराज म्हणाला असता, माणूस ठेव. मग पेला परत भिरकावला गेला असता आणि तो उचलायला तिलाच वाकावं लागलं असतं. मगरपट्टा येईपर्यंत राग ओसरला आणि नुसता थकवा राहिला. पुढच्या वेळीही तिनं तनुजाला काही सांगितलं नाही.

ते त्यानंतरच्या आठवड्यात घडलं. सकाळची आंघोळ उरकली होती. जाऊ भाजीला गेली होती, दिग्विजय कामावर. जयसिंगरावांचं अंग पुसून झालं. विजयमालानं त्यांना स्टुलावरून उठवायला हात घातला, गुडघे सरळ केले आणि ते अर्धे उठलेले असतानाच तिच्या खांद्यातून जोर निघून गेला. हात नुसताच सुटला. ते बाजूला कलले, तिनं डाव्या हातानं त्यांना कवटाळलं, आणि दोघंही भिंतीला घासत खाली आले.

ओल्या फरशीवर ती भिंतीला पाठ लावून बसली होती आणि त्यांचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

"लागलं?" जयसिंगरावांनी विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"न्हाय."

त्यांनी डावा हात फरशीवर टेकून उठायचा प्रयत्न केला. तळवा घसरला. तिनं उजवा हात हलवून पाहिला. तो खांद्याखाली कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा लोंबत होता. फोन स्वयंपाकघरात. ती दोन-तीनदा ओरडली. खाली कुणी नव्हतंच. तिनं डाव्या हातानं टॉवेल ओढून त्यांच्या उघड्या अंगावर घातला.

"जाऊबाई येतील इतक्यात," ती म्हणाली. "थांबू जरा."

नळ पुरता बंद झाला नव्हता. बादलीत पाणी ठिबकत होतं.

"मला आता उचलवत नाही हो," ती एकाएकी म्हणाली.

त्यांनी विचारलं, "कधी... पास्नं?"

"वर्ष होत आलं."

"बोलली... न्हाईस."

"बघत होता की तुम्ही. इंजेक्शन बघितलं, तेल बघितलं. त्या पेठेत जाते रोज, ते कशाला?"

"मला वाटलं... वयाचं हाय."

"डॉक्टरपण तेच म्हणाले."

त्यांनी मान थोडी वळवली. त्यांचा चेहरा तिला दिसत नव्हता, ओले पांढरे केस तेवढे दिसत होते.

"माझ्या... पायी?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती म्हणाली असती, अहो काहीतरीच काय. त्या वेळी तेवढी ताकद तिच्यात राहिली नव्हती.

"हो," ती म्हणाली.

त्यांचा डावा हात तिच्या गुडघ्यावर आला आणि तिथेच राहिला. ते रडत होते की आंघोळीचंच पाणी होतं, हे तिनं पाहिलं नाही. ती समोरच्या फरशीकडे बघत बसली. बोलून टाकल्याचं हलकंही वाटत नव्हतं. फक्त आता परत लपवावं लागणार नाही, एवढं वाटलं.

जाऊ आली, घाबरून तिनं दिग्विजयला फोन केला, तो गाडी काढून आला. त्यानं काकांना उचलून पलंगावर नेलं आणि काकीकडे वळून रागानंच म्हणाला, "काकी, एक हाक मारायची होती रोज सकाळी. मी खालीच असतो ना?"

"तुला ऑफिस असतं."

"म्हणून काय झालं?"

तिनं डाव्या हातानं जयसिंगरावांच्या अंगावर पांघरूण ओढलं.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. दोरी आणखी तुटली नव्हती. ताण बसला होता, सूज वाढली होती. त्या दिवशी विजयमालानं त्यांना सगळं सांगितलं, आणि मग तनुजाला. तनुजा हातातलं रबर गुंडाळत ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती स्टुलावर बसली.

"काकू, महिनाभर मी तुम्हाला हे एवढंसं रबर ओढायला लावतेय, आणि तुम्ही घरी जाऊन काकांना उचलताय. दिवसातनं कितीदा?"

"लागेल तेवढ्यांदा."

"मग कुठला उपाय लागू पडणार? इंजेक्शन घ्या, मालिश घ्या, मी काहीही करेन. वरचा भार उतरल्याशिवाय काही होणार नाही." मग तिचा आवाज उतरला. "चूक माझी पण आहे. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं."

रविवारी तनुजा स्कूटरवरून हडपसरला आली. तिनं आधी जयसिंगरावांना नमस्कार केला आणि मग सरळ त्यांच्याशीच बोलली. पलंगाच्या पायांखाली ठोकळे द्यायला सांगितले, म्हणजे बसल्याजागी पाय टेकून उठायला सोपं. न्हाणीत भिंतीला दांडा. पलंग आणि खुर्ची यांच्यात ठेवायची एक गुळगुळीत फळी, तिच्यावरून सरकायचं. कमरेला रुंद पट्टा, धरायचं ते पट्ट्याला, काखेत नाही. "तुमचा डावा पाय चांगला आहे," ती म्हणाली. "दोन वर्षं त्याला कुणी कामच दिलेलं नाही." जयसिंगराव पहिल्यांदा सरकले तेव्हा फळीच्या मधोमध अडकले आणि लाजेनं तांबडेलाल झाले. तनुजा घाई न करता थांबून राहिली. मग ते पुढे सरकले.

"आणि सकाळी दोन तास माणूस हवा," ती निघताना म्हणाली. "ते टाळून चालणार नाही."

विजयमालानं नवऱ्याकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघत होते.

"बाळ... म्हणायचं न्हाई," ते म्हणाले.

साईनाथ आला तो वाशीम जिल्ह्यातला, चाळिशीचा, शांत माणूस. फुरसुंगीत खोली घेऊन राहायचा. पहिल्या दिवशी त्यानं चपला दाराबाहेर काढल्या आणि पलंगाजवळ येऊन विचारलं, "तुम्हाले काय म्हणून हाक मारू?"

जयसिंगरावांनी बराच विचार केला. "शेठ."

"चालते, शेठ."

विजयमाला स्वयंपाकघरात कांदा चिरत बसली. न्हाणीतून आवाज येत होते. बादली सरकली. काहीतरी पडलं. मग जयसिंगराव मोठ्यानं म्हणाले, "पाणी... गार!" तिचे पाय उठायला निघाले. पाणी किती ऊन लागतं, आधी पायांवर ओतायचं, मग पाठीवर, हे त्या माणसाला कोण सांगणार? आणि कानामागे साबण राहतो तो? तिनं ओट्याची कड धरली.

"सांगा न शेठ, किती ऊन पायजे?" साईनाथचा आवाज आला. "मले कसं समजन?"

मग नळाचा आवाज. ती परत खाली बसली आणि उरलेला कांदा चिरला.

सदरा त्यानं उलटाच घातला होता. तिनं तो तसाच राहू दिला.

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. काही दिवस जयसिंगराव फळीवर बसायलाच नकार देत. एकदा साईनाथ बहिणीच्या लग्नाला गावी गेला. दिग्विजय सकाळी येऊन उचलून जायचा, पण दुपारचं एकदा विजयमालानंच केलं आणि पुढचा आठवडा खांदा परत धुमसत राहिला. डॉक्टरांनी थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या. तनुजाचा व्यायाम चालू राहिला, आधी एक दिवसाआड पेठेत, नंतर घरीच, दाराच्या कडीला रबर अडकवून. हात हळूहळू कानापर्यंत जायला लागला. पाठीमागे अजून जात नव्हता. रात्रीची जाग कमी झाली होती.

पृथ्वीराजला कोण आनंद झाला. "मग आई, नक्की कशानं बरं वाटलं? इथे एकाला सांगायचंय, त्याच्या वडिलांचा शोल्डर गेलाय."

"त्याला म्हणावं, आधी वडिलांना विचार ते दिवसभर काय करतात."

"तसं नाही गं. ट्रीटमेंट कुठली?"

"व्यायाम," ती म्हणाली. "सावकाश लागतो. इंजेक्शन घ्यायचं तर घेऊ दे, पण मोकळं वाटलं म्हणून कामाला लागू नकोस म्हणावं." तिला अजून काही सांगायचं होतं, पण ते फोनवर कसं सांगावं हे कळेना. अपेक्षाची चौकशी करून तिनं फोन ठेवला.

त्या दुपारी साईनाथ निघून गेल्यावर ती जयसिंगरावांच्या खोलीत आली. सकाळी रबर जरा जास्तच ओढलं गेलं होतं. शेकाची पिशवी खांद्यावर घेऊन ती त्यांच्या पलंगाशेजारच्या दिवाणावर टेकली. बाहेर सोलापूर रस्त्यावरची वाहनं एकमेकांवर करवादत होती.

"दुखतोय?" त्यांनी विचारलं.

"थोडा."

"मग पड. चहा... उशिरा... चालंल."

तिनं पाय वर घेतले. चहाला उशीर झाला की त्यांचं डोकं चढतं, हे तिला माहीत होतं, आणि ते म्हणाले म्हणून ते खरंच थांबतील याचीही तिला खात्री नव्हती. तरी तिनं डोळे मिटले.